तीनदा विचारा

"खिडकीजवळ दोघांसाठी टेबल मिळेल का?" हे वाक्य मला स्पॅनिशमध्ये आजही झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येतं. उना मेसा पारा दोस, सेर्का दे ला बेन्ताना. खरं तर मी आयुष्यात कधी कुणाकडे खिडकीजवळचं टेबल मागितलेलं नाही. शहापूरला नवऱ्याबरोबर वर्षातून एकदा हॉटेलात जाते, तेव्हा जिथला पंखा चालू असेल तिथे आम्ही बसतो. पण हे वाक्य मी मुरबाडच्या पुढे, माहेरच्या गावामागच्या माळावर उभी राहून पाठ केलं. एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात पानं सुटलेली एक पुस्तिका. माझा धाकटा भाऊ स्पेनमधल्या एका हॉस्पिटलात पडून होता आणि त्याच्यापर्यंत पोचायला आमच्याकडे तेवढी पुस्तिकाच होती.

ती त्याचीच. कल्याणला हॉटेलचं शिक्षण घेताना स्टेशनबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याने ती उचलली होती. सुट्टीत स्पेनला फिरायला जाणाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहिलेली, खिशात मावेल एवढी. पुढेमागे मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरी लागेल, जहाज तिकडच्या किनाऱ्याला लागेल, तेव्हा उपयोगी पडेल असा त्याचा हिशेब. मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या जीपमध्ये, शेवटच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसून, त्याने प्रत्येक वाक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिले होते. रस्त्याला खड्डा आला की अक्षर उडालेलं दिसायचं. नोकरी खरंच लागली. जाताना पुस्तिका घरीच ठेवून गेला. म्हणाला, "पाठ झालीय माझी. आता तुमी शिका."

आम्ही कशाला शिकतोय! आईने ती देवाच्या फळीवर ठेवून दिली. लेकाच्या नोकरीचं पुस्तक म्हणजे तिथेच शोभतं, असं तिचं म्हणणं.

दिवाळी होऊन गेली होती. भात कापून खळ्यावर आलं होतं आणि झोडणी अर्धी व्हायची होती. त्याला नोकरी लावणाऱ्या एजंटचा मला शाळेत फोन आला. मी शहापूरच्या एका शाळेत कारकून आहे, आणि भावाच्या कागदांवर घरचा संपर्क म्हणून माझा नंबर होता. एजंट म्हणाला, अपेंडिक्स पोटात फुटलं, किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जहाज पुढे निघून गेलं. "काळजी करू नका मॅडम, आम्ही फॉलोअप घेतोय." भावाचा मोबाईल जहाजावरच्या कपाटात राहिला होता. म्हणजे तो एकटा, पोट फाडलेला, अनोळखी मुलखात, आणि हातात फोनसुद्धा नाही. आणि हा माणूस मला फॉलोअप सांगत होता. मी त्याला शाळेच्या ऑफिसात बसून जे बोलले ते इथे लिहीत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी दार लावून घेतलं एवढं सांगते. त्याच दिवशी रजा टाकून किन्हवलीमार्गे जाणाऱ्या एसटीने आईकडे गेले.

आईला शहापूरला आणायचा माझा बेत होता. ती हलेना. खळ्यावर भात उघडं पडलंय, म्हैस आटत आलीय, अशी कारणं सांगत राहिली. शेवटी खरं बोलली, "तो आला आनि घराला कुलूप दिसला तर?" तो पुढचा महिनाभर येऊ शकत नाही हे तिला मी कसं सांगू! मग मीच तिथे राहिले.

एजंटला रोज चार-चार फोन करून तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडून वॉर्डचा नंबर काढला. घरात नेटवर्क येत नाही. गावातल्या शाळेमागच्या माळावर, पाण्याच्या टाकीजवळ, दोन काड्या येतात. तिथे उभं राहून पहिला फोन लावला. पलीकडे एक बाई घाईघाईने काहीतरी बोलली. मी नमस्कारासाठी "बुएनास तार्देस" म्हणाले, भावाचं नाव सांगितलं, "एर्मानो" म्हणाले, म्हणजे भाऊ. ती पुन्हा बोलली, लांबलचक. मी पुस्तिकेतलं आजारपणाचं पान उघडलं.

त्या पानावर सगळं "मी" होतं. मला ताप आहे. माझं पोट दुखतंय. माझा दात दुखतोय. मला उन्हाचा त्रास झालाय. सहलीला आलेला माणूस स्वतःपुरताच आजारी पडतो, तीन समुद्रांपलीकडे पडलेल्या भावाची चौकशी करायची वेळ त्याच्यावर येत नाही. माझी मती गुंग झाली. मी म्हणाले, "मला ताप आहे. भाऊ." त्या बाईने मला काहीतरी विचारलं, बहुधा किती ताप आहे ते. मी रडायला लागले. तिने फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर भाषांतर होतं की हल्ली. मीही तेच म्हणाले होते. पण माळावर बोलण्यापुरत्या काड्या येतात, नेट फिरतच राहतं. एकदा मुरबाडला जाऊन, स्टॅंडसमोर रसवंतीच्या बाकड्यावर बसून, दोन मोबाईल घेऊन तोही प्रयोग केला. एकावर फोन लावला, दुसऱ्यावर मराठीत वाक्य लिहून त्याचं स्पॅनिश मोठ्याने वाजवलं. यंत्राचा तो गुळगुळीत आवाज ऐकताच पलीकडून फोन कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. आपल्याला कर्ज घ्या म्हणणारे फोन येतात ना, तसला वाटला असणार तिला. मागे एसटीचे हॉर्न आणि समोर मी, दोन मोबाईल हातात धरून वेड्यासारखी बसलेली. चरकवाल्याने न मागता रसाचा ग्लास पुढे ठेवला.

मग मी सरळ पुस्तिकेलाच शरण गेले. तीत सगळ्यात जास्त पानं खाण्यापिण्याची होती. सूप, भात, पाव, पाणी, कॉफी, हे हवं, ते नको, बिल आणा. आणि गंमत अशी की आईलाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं. तिने मला एकदाही विचारलं नाही की ताप किती, टाके किती, रिपोर्ट काय. रोज माळावरून परतले की उंबऱ्यातच विचारायची, "जेवला का?" आमच्याकडे दुखणं असंच मोजतात. पेज पोटात गेली म्हणजे माणूस आपला आहे. गेली नाही की बायका एकमेकींकडे बघायला लागतात.

तिकडची दुपारच्या जेवणाची वेळ म्हणजे आमची संध्याकाळ, गुरं परतायची. त्या वेळी मी फोन लावायचे. तीन-चार दिवसांत ती नर्स माझा आवाज ओळखायला लागली. मी भावाचं नाव घ्यायचे आणि विचारायचे, "सोपा?" म्हणजे सूप. "अरोस?" म्हणजे भात. ती सावकाश, लहान मुलाला सांगावं तशी उत्तर द्यायची, "नो. नो कोमे. नो किएरे."

"किएरो" म्हणजे मला हवंय, हे कॉफीच्या पानावर होतं. त्यावरून मी अर्थ लावला. खात नाही. त्याला नको आहे.

आईला मी सांगितलं, थोडी पेजेसारखी सोजी घेतली म्हणतात. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आज वाटीभर घेतली. तिसऱ्या दिवशी भात चाखला म्हणाले. खोटं बोलताना मी इतक्या सफाईने बोलत होते की माझी मलाच भीती वाटली. आई ऐकायची, मान डोलवायची, आणि स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायची.

नवव्या दिवशी मी जरा लवकर, दुपारीच फोन लावला आणि डॉक्टर सापडला. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, माझंही त्याच जातीचं. तो म्हणाला, ऑपरेशन चांगलं झालं, पण जखम भरत नाही. नुसत्या सलाईनवर आहे, अंगात ताकदच नाही. आम्ही ताट नेतो, तो नको म्हणतो. रोज, प्रत्येक वेळी. मनाने खचलाय असं वाटतं. अजून एक दिवस बघू, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. त्याला फोन द्या म्हटलं, तर म्हणाला, वॉर्डचा फोन पेशंटला देत नाहीत. मी विचारलं, तो वाचेल ना? म्हणाला, "त्याने खायला पाहिजे." आणि पुढे म्हणाला, "फार सभ्य मुलगा आहे. प्रत्येक वेळी हसून आभार मानतो."

मी माळावरच बसले. वाळलेलं गवत टोचत होतं तरी उठवेना. भाऊ जगायचंच नको म्हणतोय, हे मला कळत होतं आणि पटत नव्हतं. ज्या पोराने लहानपणी वरईचा भात पातेलं पालथं करून खाल्ला, तो ताट परत पाठवतोय? मला त्याचा राग आला. खरंच सांगते, आजारी भावाचा राग आला. इतक्या लांब जाऊन आम्हाला इथे असं टांगून ठेवलंस, आणि वर खात नाहीस!

त्या संध्याकाळी खोटं बोलायला तोंडच उघडेना. आई म्हणाली, "नाय ना जेवला? इतक्या दिवसांत कदी जेवलाच नाय ना?" मी नळीचं सांगितलं. सांगायला नको होतं. गावात एकाला कळव्याच्या हॉस्पिटलात अशी नळी घातली होती आणि त्याला मेल्यावर नळीसकट परत आणलं होतं, तेही जीपमध्ये आडवा घालून. आई उठली. खळ्यावर गेली आणि अंधार पडेपर्यंत एकटी भात झोडत राहिली. त्या आवाजाने माझं डोकं फुटायची वेळ आली, पण तिला थांब म्हणायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. चुलते म्हणाले, जहाजावर चढताना नारळ फोडला नव्हता. एक मामी म्हणाली, गोरी मानसं जादू करतात. मी म्हटलं, जादू करायची तर अपेंडिक्स कशाला फोडतील? मामी रुसून गेली. जाऊ दे, म्हटलं.

मग शेजारची काकू आली. आईच्याच वयाची, आईसारखीच गप्प. ओटीवर टेकली. आईने आतून विचारलं, "चहा घेतीस?"

"नको गो, आताच घेतला."

आईने चहा टाकला. पुन्हा विचारलं, "घे थोडासा."

"नको नको. कशाला उगाच."

आईने कपबशी आणून तिच्यासमोर ठेवली. "घे गो, गार व्हतो." आणि काकूने कपबशी उचलली, चहा बशीत ओतला, फुंकर मारून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. सकाळपासून तिने चहा घेतलेला नव्हता, हे तिच्या पिण्यावरूनच दिसत होतं.

मी बघत राहिले. हे मी जन्मभर बघत आलेय, स्वतः करत आलेय. कुणाच्या घरी गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की पाटावर बसायचं. यजमानालाही ते ठाऊक असतं. तो विचारतच राहतो. पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट, आणि पहिल्या 'नको'वर थांबतो तो कंजूष.

मी धावत आत गेले, फळीवरून पुस्तिका ओढली. तिच्या पहिल्याच पानावर, "नो, ग्रासियास", नको, आभारी आहे, या वाक्याखाली भावाने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या होत्या आणि शेजारी लिहिलं होतं, "हे सगळ्यात आधी."

"आई," मी ओरडले, "तो नको म्हणतो आणि ते ताट उचलून नेतात! ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत!"

आई चुलीपाशी होती. तिला समजायला क्षणभर लागला. मग तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. मला कळलं तिला काय आठवलं ते, कारण मी तिथे होते. भाऊ सहा वर्षांचा असेल. सरळगावकडच्या एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. वाढप्याने बुंदीचं पातेलं आणलं, अजून देऊ का म्हणाला, आणि याने ताट दोन्ही हातांनी वर धरून "हो" म्हटलं. पंगत हसली. आईने तिथेच त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की पोरगं कळवळलं. घरी येईपर्यंत त्याला बोलत होती. "लोक काय म्हनतील? आईनं उपाशी ठेवलाय म्हनतील." त्यानंतर तो कधीच, कुठेच, पहिल्यांदा हो म्हणाला नाही. आई त्याचं कौतुक करायची, माझा पोरगा बघा किती समजूतदार.

"मीच शिकवला त्याला," आई म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना.

संध्याकाळची वेळ होईपर्यंत मी पुस्तिका उलटी-पालटी करत होते. "त्याला पुन्हा विचारा" असं वाक्य तीत कुठेच नव्हतं. कसं असेल? सहलीला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा मागितलं की मिळतं. शेवटी मला "कृपया पुन्हा सांगा" सापडलं, त्यातलं "पोर फावोर" म्हणजे कृपया आणि "ओत्रा वेस" म्हणजे पुन्हा. आणि आकडे होते, उनो, दोस, त्रेस, म्हणजे एक, दोन, तीन. "सी" म्हणजे हो, हे तर पहिल्याच पानावर होतं. तेवढ्यावर निघाले. आई पण माझ्यामागे माळावर आली. ती आतापर्यंत एकदाही आली नव्हती.

फोन लागला. तीच नर्स होती.

"सोपा?" मी विचारलं.

"नो किएरे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता दयाच होती.

"नो, नो," मी म्हणाले. "एन ला इंदिया..." म्हणजे आमच्या देशात. मग पुढे शब्द नव्हते, म्हणून मी दोन्ही माणसं झाले. तिचा आवाज काढून म्हटलं, "सोपा? उनो." आणि भावाचा आवाज काढून, "नो, ग्रासियास." पुन्हा तिचा आवाज, "ओत्रा वेस. सोपा? दोस." पुन्हा भावाचा, "नो, ग्रासियास." "ओत्रा वेस. सोपा? त्रेस." आणि मग मी जोरात, रडत, माळावर चरणारी गुरं माना वर करतील इतक्या जोरात म्हणाले, "सी! सी! पोर फावोर! उनो नो. दोस नो. त्रेस, सी!"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, हिनेही फोन ठेवला. संपलं सगळं. उद्या नळी.

मग ती हळूच म्हणाली, "त्रेस?"

"त्रेस," मी म्हणाले.

"मोमेंतो," ती म्हणाली, आणि पावलं वाजायला लागली. ती फोन घेऊन चालत होती. मी स्पीकर लावला आणि मोबाईल आईच्या आणि माझ्या मधे धरला. दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं. मग भांड्यावर चमचा वाजला आणि नर्सचा आवाज आला, काहीतरी सोपाबद्दल विचारणारा.

"नो, ग्रासियास."

तो होता. आवाज इतका बारीक झाला होता की दुसऱ्या कुणाचा वाटावा. आईने माझं मनगट धरलं. तिचे हात झोडणीने सोलवटले होते.

नर्सने पुन्हा विचारलं. "नो... ग्रासियास." या वेळी तो अडखळला. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून एकदा बाई, अजून एकदाच, तुझ्या पाया पडते.

तिने तिसऱ्यांदा विचारलं. तो काहीच बोलला नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आईने माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि तोंडाशी धरून ओरडली, "आरे, हो म्हन! मी बोलतेय, आई बोलतेय. हो म्हन रे माज्या राजा!"

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग तो लहानपणी पडल्यावर रडायचा तसा, हुंदका आत घेत म्हणाला, "आई, हितं कोनी दुसऱ्यांदा इचारतच नाय गो."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "मी शिकवला ते चुकीचा शिकवला. आता मी इचारते. ऐकतोस ना?"

"हां."

आईने पदराने तोंड पुसलं, आणि घरात पाट मांडून ती जशी हाक मारते तशी विचारलं, "जेवतोस का रे?"

"हो," तो लगेच म्हणाला.